चंद्राच्या दगडांत अडकलेले वायू : एका दगडाची किती वयं?

गारगोटी (सोमवार, रात्री १०:१२)

चांद्रयानाच्या धाग्यावर मागच्या आठवड्यात एकाने विचारलं होतं, चंद्राच्या दगडांचं वय कुठे ३९० कोटी वर्षं वाचायला मिळतं, कुठे अडीच कोटी, मग खरं कोणतं? दोन्ही खरी आहेत. आणि दोन्ही एकाच दगडाची असू शकतात. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन समाधान झालं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

माझं रोजचं काम अशनींमधला, म्हणजे अवकाशातून पडलेल्या दगडांमधला, निऑन आणि आर्गॉन मोजण्याचं. काही मिलिग्रॅमचा कण घ्यायचा, निर्वात पेटीत ठेवायचा, लेझरने वितळवायचा आणि आतून जो वायू सुटेल तो पकडायचा. त्यात पाण्याची वाफ असते, नायट्रोजन असतो, कार्बन डायऑक्साइड असतो. तापलेल्या टायटॅनियम-झिर्कोनियमवरून हे मिश्रण फिरवलं की धातू हे सगळे वायू गिळून टाकतो. राजवायू मात्र कुणाशीच संयोग पावत नाहीत, त्यामुळे शेवटी तेवढेच उरतात. आर्गॉन थंडगार कोळशावर धरून ठेवायचा आणि हेलियम-निऑन आधी मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडायचे.

या वायूंचा एवढा उपयोग का होतो? लाव्हा थिजताना त्यातला राजवायू जवळजवळ सगळा उडून जातो. नवा दगड म्हणजे कोरी पाटी. पुढे कोट्यवधी वर्षांत त्यात जे थोडे अणू जमतात ते लगेच नजरेत भरतात. आणि हे अणू वेगवेगळ्या वाटांनी येतात.

एक वाट आतली. दगडात पोटॅशियम असतं, त्यातला पोटॅशियम-४० हा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) किरणोत्सारी. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षं. त्याच्या दर शंभर अणूंपैकी साधारण अकरा अणूंचा आर्गॉन-४० होतो, बाकीचे कॅल्शियम होतात. दगड थिजला की हे घड्याळ सुरू होतं, कारण आता आर्गॉनला बाहेर पडायला वाट नसते.

दुसरी वाट बाहेरची. आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण, म्हणजे मुख्यतः प्रचंड वेगाचे प्रोटॉन, दगडातल्या मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉनच्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्यांचे तुकडे करतात. त्या तुकड्यांत निऑन-२१ असतो. कॅल्शियमपासून अशाच तऱ्हेने आर्गॉन-३८ तयार होतो. हे किरण जेमतेम एक-दोन मीटर खोल पोचतात. दगड पाच मीटर खाली पुरलेला असेल तर हे घड्याळ बंद. एखाद्या आघाताने तो उडून पृष्ठभागावर येऊन पडला की चालू.

आता अपोलो १४. फेब्रुवारी १९७१ मध्ये अंतराळवीर शेपर्ड आणि मिचेल चंद्रावर कोन नावाच्या विवराकडे चढत गेले. दम लागला, वेळ संपत आला, आणि विवराचा काठ न दिसताच परतावं लागलं. नंतर नकाशावरून कळलं की ते काठापासून साधारण तीस मीटरवर होते. पण येताना त्यांनी जवळजवळ ९ किलोचा एक धोंडा आणला, क्रमांक १४३२१, लाडाने 'बिग बर्था'. हा ब्रेशिया आहे, म्हणजे जुन्या दगडांचे तुकडे आघाताच्या दाबाने आणि उष्णतेने चिकटून झालेला दगड. तो घडला सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वी. वैश्विक किरणांचं घड्याळ मात्र सांगतं अडीच कोटी. म्हणजे हा धोंडा एवढा सगळा काळ जमिनीखाली होता आणि अडीच कोटी वर्षांपूर्वी कोन विवर खणलं गेलं तेव्हा वर आला. त्या परिसरातल्या आणखी काही दगडांतूनही हाच आकडा निघतो. ज्या विवराचा काठ त्या दोघांना दिसला नाही, त्याचं वय त्यांच्या पिशवीत होतं.

मला या विषयात ओढलं ते या एका गोष्टीने.

---

खडूफळा (सोमवार, रात्री ११:०५)

गारगोटीताई, अतिशय सुंदर. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. अठराव्या गटाला, म्हणजे या राजवायूंना, फार तर दीड तास मिळतो, आणि मुलं म्हणतात, सर, हे काहीच करत नाहीत तर शिकायचे कशाला? उद्या तुमचा धोंडा वर्गात घेऊन जाणार.

एक शंका. निऑन हवेतही आहे. दगडाच्या कणातला निऑन किरणांनी बनलेला की हवेतून शिरलेला, हे कसं ओळखता? अणू तर सारखाच.

---

गारगोटी (मंगळवार, सकाळी ७:४०)

सर, एकट्या अणूकडे पाहून नाही ओळखता येत. तिन्ही समस्थानिक एकत्र पाहावे लागतात.

हवेतल्या निऑनमध्ये निऑन-२० साधारण ९० टक्के, निऑन-२२ नऊ टक्क्यांहून थोडा जास्त आणि निऑन-२१ फक्त ०.२७ टक्के. वैश्विक किरणांनी फोडलेल्या केंद्रकांतून मात्र तिन्ही जवळपास सारख्या प्रमाणात येतात, कारण तिथे तुकडे कसे पडतील यात विशेष पक्षपात नसतो. निऑन-२१ हा हवेत इतका दुर्मीळ आहे, म्हणूनच तो आमच्या उपयोगी पडतो. थोडासा वाढला तरी दिसतो.

तिसरा प्रकार सूर्याकडचा. सूर्यातून निघणाऱ्या सौरवाऱ्यात निऑन-२० आणि निऑन-२२ यांचं गुणोत्तर जवळजवळ १३.८ आहे, हवेत ते ९.८. आम्ही आलेखावर एका अक्षाला २०/२२ आणि दुसऱ्याला २१/२२ मांडतो. त्यावर हवा, सूर्य आणि वैश्विक किरण हे तीन कोपरे. कण टप्प्याटप्प्याने तापवायचा आणि प्रत्येक टप्प्याचा बिंदू कुठे पडतो ते बघायचं. दोन उगमांचं मिश्रण असेल तर बिंदू त्या दोन कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर येतात.

सुरुवातीच्या काळात माझे दोन आठवड्यांचे बिंदू सगळे हवेच्या कोपऱ्याकडे सरकत होते. मी मनात त्यावरून नवीन निष्कर्षही काढायला लागले होते. कारण निघालं एका झडपेतली बारीक गळती. ते सगळं मोजमाप टाकून द्यावं लागलं, आणि जे कण वितळले ते परत येणार नव्हते. तेव्हापासून दर नमुन्याआधी रिकाम्या पेटीचं मोजमाप घेतल्याशिवाय मी लेझरला हात लावत नाही.

---

पैलतीर (मंगळवार, दुपारी १:२२)

सौरवाऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक भर घालतो. अपोलो ११ ने चंद्रावर नेलेल्या पहिल्या प्रयोगांपैकी एक स्विस होता, बर्न विद्यापीठाच्या योहानेस गाइस यांचा. खांबाला टांगलेला ॲल्युमिनियमचा पातळ पडदा, बस एवढंच. ऑल्ड्रिनने तो सूर्याकडे तोंड करून उभा केला, तोही अमेरिकेचा झेंडा रोवण्याआधी. ७७ मिनिटांनी गुंडाळून पृथ्वीवर आणला. पडद्यात रुतलेले हेलियम, निऑन, आर्गॉन प्रयोगशाळेत मोजले गेले. अपोलो १६ च्या वेळी असाच पडदा ४५ तास उघडा ठेवला होता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं. सूर्याचा नमुना हवा होता, आणि तो चंद्रावर पडदा वाळत घालावा तसा मिळाला.

---

गारगोटी (मंगळवार, संध्याकाळी ६:१५)

पैलतीर, हे आलं ते फार बरं झालं, कारण चंद्राची माती म्हणजे असाच कोट्यवधी वर्षं उघडा राहिलेला पडदा. चंद्राला हवा नाही, पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही. सौरवारा सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने थेट कणांवर आदळतो. पण रुततो किती? काही दशक नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा हजारावा भाग धरा. वैश्विक किरणांचा निऑन मात्र कणाच्या गाभ्यापर्यंत असतो.

यावर अपोलो ११ च्या मातीत एक साधी युक्ती वापरली गेली. माती चाळून बारीक आणि जाड कण वेगळे केले. बारीक कणांत वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून सूर्याचा वायू तिथे जास्त. किरणांनी बनलेला वायू कणाच्या आकाराप्रमाणे असा बदलत नाही. म्हणजे फरक काढला की दोन्ही वेगळे. पुढे झ्युरिकमध्ये कण आम्लाने थर थर विरघळवत नेऊन प्रत्येक थराचा वायू मोजायची पद्धत आली. कांदा सोलावा तसं.

---

शुक्रतारा (मंगळवार, रात्री ९:५०)

वाचतोय. पण हेलियम-३ चं काय? मध्ये सगळीकडे येत होतं की चंद्रावर भविष्यातलं इंधन पडलंय, ते आणलं की ऊर्जेचा प्रश्न मिटला. ते याच सौरवाऱ्यातून आलेलं ना?

---

गारगोटी (मंगळवार, रात्री १०:३३)

हो, त्याच सौरवाऱ्यातून. आणि इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज हेलियम जरा जास्त धरून ठेवतं, त्यामुळे टायटॅनियम जास्त असलेल्या भागात ते जास्त सापडतं. पण प्रमाण पाहा. चांगल्या मातीत वजनाने अब्जात दहाच्या आसपास. म्हणजे एक किलो हेलियम-३ साठी साधारण एक लाख टन माती खणून शेकडो अंश तापवायची. शिवाय हेलियम-३ जाळून वीज देणारी संलयन भट्टी आज कुठेही चालू नाही. मला ही कल्पना स्वप्न म्हणूनही नीटशी पटत नाही. ज्या मातीत सूर्याचा इतका जुना इतिहास थरांनी साठलाय, ती इंधनासाठी भाजून टाकायची, हा विचार मनाला लागतो.

---

रानवारा (बुधवार, सकाळी ८:०२)

लेख आवडला, पण ३९० कोटींवर थोडं थांबू या. अपोलोच्या अनेक दगडांचं वय ३९० कोटींच्या आसपास गोळा झालं म्हणून त्या वेळी सगळ्या अंतर्ग्रहांवर (बुध ते मंगळ) उल्कांचा भडिमार झाला असं १९७४ मध्ये टेरा, पापानास्तासिऊ आणि वासरबर्ग यांनी मांडलं. कॅलटेकमधल्या त्यांच्या प्रयोगशाळेचं नावच 'लुनॅटिक असायलम' होतं. पाठ्यपुस्तकांत तो भडिमार सिद्ध झालेला असल्यासारखा छापतात. आता तो तितका पक्का राहिलेला नाही, हे इथे लिहिलं गेलं पाहिजे.

---

गारगोटी (बुधवार, दुपारी १२:४८)

रानवारा, बरोबर आहे, आणि हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

दोन अडचणी आहेत. पहिली जागेची. अपोलोची सगळी उतरण्याची ठिकाणं चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूला, विषुववृत्ताच्या फार दूर नाहीत. तिथे इम्ब्रियम नावाचं विशाल खोरं पाडणाऱ्या महाकाय आघाताचा मलबा लांबवर पसरलेला आहे. म्हणजे आपण एकाच घटनेचे तुकडे अनेक ठिकाणांहून उचलले असण्याची शक्यता आहे.

दुसरी अडचण वायूची. आर्गॉनचं घड्याळ आघाताच्या उष्णतेने शून्यावर येतं, पण पूर्ण येतंच असं नाही. अर्धा आर्गॉन निसटला आणि अर्धा राहिला, तर निघणारं वय कोणत्याच घटनेचं नसतं, मधलंच असतं. म्हणून आपण एकदम वितळवत नाही. नमुना आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात, त्यात पोटॅशियम-३९ चा आर्गॉन-३९ होतो. मग थोडं तापवा, मोजा, आणखी तापवा, मोजा. प्रत्येक पायरीला आर्गॉन-४० आणि ३९ यांचं गुणोत्तर एकच आलं तर घड्याळावर विश्वास ठेवता येतो. पायऱ्या चढत गेल्या तर काहीतरी निसटलेलं आहे. अपोलोच्या पहिल्याच दगडांवर ग्रेनव्हिल टर्नर यांनी ही पद्धत वापरली. पुढे २०१६ मध्ये बेनके आणि हॅरिसन यांनी गणिताने दाखवलं की अशी अर्धवट पुसलेली घड्याळं पुष्कळ एकत्र केली तर भडिमार झालेला नसतानाही आकड्यांत भडिमारासारखा उंचवटा दिसू शकतो.

माझं स्वतःचं मत इम्ब्रियमकडे झुकतं. पण चंद्राच्या पलीकडच्या बाजूच्या आणखी जुन्या विवरांतले दगड हाती येऊन त्यांची घड्याळं मोजली गेल्याशिवाय हा वाद मिटेल असं मला वाटत नाही.

---

लोणारकर (बुधवार, रात्री ८:१९)

ताई, मी बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्या लोणारच्या सरोवराचं वय आम्ही लहानपणापासून ५० हजार वर्षं असं ऐकत आलो, पाहुण्यांनाही तेच सांगतो. मध्यंतरी एका व्याख्यानात पाच लाखांच्या वरचा आकडा ऐकला. तोही असाच आर्गॉनने काढलेला आहे का? आणि मग ५० हजार कुठून आले?

---

गारगोटी (बुधवार, रात्री ११:४१)

दादा, हा प्रश्न या धाग्यावर आला याचा फार आनंद झाला. लोणार हे बेसाल्टमध्ये कोरलं गेलेलं आघातविवर आहे, आणि चंद्राचे काळे डागही बेसाल्टच, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात.

५० हजार हा आकडा उष्मादीप्तीच्या मोजणीतून आला होता, साधारण ५२ हजार वर्षं. खनिजात साठलेली किरणोत्साराची ऊर्जा तापवल्यावर प्रकाश म्हणून बाहेर पडते, ती मोजायची पद्धत. २०११ मध्ये फ्रेड जुर्डां आणि सहकाऱ्यांनी आघाताने वितळलेल्या दगडाचा आर्गॉन टप्प्याटप्प्याने मोजला, आणि वय निघालं ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडे-तिकडे. दहापटीहून मोठा फरक.

लोणारमध्ये एक खास अडचण होती. ज्या दगडावर आघात झाला तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षं जुना, त्यात आधीचा आर्गॉन भरलेला. वितळताना तो सगळा गेला नाही तर वय उगाच जास्त दिसेल. त्यामुळे वारशाने आलेला आर्गॉन वेगळा काढावा लागतो. चंद्रावरच्या ब्रेशियात नेमकी हीच डोकेदुखी. लोणारच्या काठावर उभं राहून मला अपोलो १६ चे दगड आठवले होते.

त्या अपोलो १६ बद्दलही सांगते. तिथे दोन तरुण विवरं जवळजवळ होती, नॉर्थ रे आणि साउथ रे. क्रिप्टॉन-८१ चा अर्धायुकाल साधारण २ लाख २९ हजार वर्षं. तो बनतोही वैश्विक किरणांनीच, आणि ऱ्हासही पावतो. त्यामुळे त्याच्याकडून किरणांच्या माऱ्याचा त्या दगडातलाच दर कळतो आणि न झिजणाऱ्या क्रिप्टॉन-८३ कडून एकूण साठा. भागाकार केला की वय. कुर्ट मार्टी यांची ही पद्धत मला सगळ्यात देखणी वाटते, कारण दगडावर किती आडोसा होता याचा अंदाज बाहेरून घालावा लागत नाही. नॉर्थ रे निघालं ५ कोटी वर्षं, साउथ रे फक्त २० लाख. माणसाचे पूर्वज आफ्रिकेत दगडी हत्यारं घडवत होते त्या काळातलं.

---

पैलतीर (गुरुवार, सकाळी ६:३०)

आणि टायको! पौर्णिमेला साध्या दुर्बिणीतून ज्याचे पांढरे पट्टे दिसतात ते विवर. तिथे कुणी उतरलं नाही. पण अपोलो १७ च्या दरीत, २००० किलोमीटरहून जास्त दूर, टायकोतून उडालेल्या दगडांनी छोटी विवरं पाडली आणि डोंगराचा एक कडा घसरला असं मानतात. तिथल्या दगडांचं उघड्यावर आल्याचं वय साधारण ११ कोटी. त्यावरून टायकोचं वय ठरवलं गेलं. पौर्णिमेला मुलाला दुर्बीण दाखवताना मी आता हे सांगतो, पृथ्वीवर डायनोसॉर होते तेव्हा हे पट्टे नवे होते.

---

खडूफळा (गुरुवार, संध्याकाळी ५:५५)

वर्गात धोंडा चालला! तास संपला तरी प्रश्न संपेनात. एका मुलीने विचारलं, चंद्राच्या आत तयार होणारा आर्गॉन शेवटी जातो कुठे? सगळाच दगडात राहतो का? मी म्हटलं, विचारून सांगतो.

आणखी एक. आपल्याकडे कुणी अपोलोच्या दगडांवर काम केलं का?

---

गारगोटी (गुरुवार, रात्री १०:०४)

सर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. मुंबईतच केलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाला अपोलोचे नमुने मिळाले होते. त्यांनी वायू न मोजता वैश्विक किरणांतल्या लोहासारख्या जड अणुकेंद्रांनी खनिजात ओढलेल्या सूक्ष्म रेघा मोजल्या. खनिज रसायनाने कोरलं की त्या रेघा सूक्ष्मदर्शकात दिसतात. याच किरणांची दुसरी वही. १९७२ मध्ये लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत संचालक म्हणून गेले, आणि अशनींमधल्या राजवायूंचं काम तिथे पुढे अनेक वर्षं झालं.

आता त्या मुलीचा प्रश्न. तिला सांगा, याच प्रश्नाने १९७० मध्ये लोकांना पेचात टाकलं होतं. चंद्राच्या मातीत आर्गॉन-४० इतका जास्त सापडला की त्या मातीतल्या पोटॅशियमने तो बनणं शक्यच नव्हतं. आईबाप नसलेला आर्गॉन म्हणायचे त्याला. शिवाय तो कणांच्या पृष्ठभागावर होता, सौरवाऱ्यासारखा, आणि सौरवाऱ्यात तर आर्गॉन-४० जवळजवळ नसतोच.

उत्तर असं निघालं. खोलवरच्या पोटॅशियमपासून बनलेला काही आर्गॉन भेगांतून झिरपत वर येतो आणि चंद्राभोवतीच्या अतिविरळ वातावरणात जातो. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्या अणूचा इलेक्ट्रॉन सुटतो. विद्युतभार आला की सौरवाऱ्याचं क्षेत्र त्याला पकडतं. काही अणू अवकाशात भिरकावले जातात, काही परत चंद्रावर आपटून मातीच्या कणांत रुततात.

प्राचीन काळी पोटॅशियम-४० जास्त होतं, आर्गॉनही जास्त झिरपत होता. म्हणून ज्या कणांचा पृष्ठभाग फार पूर्वी उघडा होता त्यांत रुतलेल्या आर्गॉन-४० आणि सौरवाऱ्यातून आलेल्या आर्गॉन-३६ चं गुणोत्तर दहाच्या वर जातं, आणि अलीकडच्या मातीत ते एकच्या आसपास किंवा त्याखाली असतं. म्हणजे हा आणखी एक काटा. एखाद्या ब्रेशियातले कण सूर्यप्रकाशात कधी होते ते यावरून अंदाजता येतं.

आणि तो आर्गॉन आजही झिरपतोय. अपोलो १७ ने ठेवलेल्या उपकरणाने तो विषुववृत्ताजवळ टिपला. चांद्रयान-२ वरच्या चेस-२ या उपकरणाने तो साठ अंश उत्तर ते साठ अंश दक्षिण एवढ्या पट्ट्यात मोजला, २०२२ मध्ये इस्रोने ते जाहीर केलं. रात्री चंद्राची जमीन इतकी गार होते की आर्गॉन तिच्यावर चिकटून बसतो, आणि सूर्य उगवला की पुन्हा उडतो. त्या मुलीला म्हणावं, पहाट झाली की चंद्राचं वातावरण थोडं दाट होतं.

---

रानवारा (शुक्रवार, सकाळी ७:५६)

हे शेवटचं माहीत नव्हतं. मनापासून आभार.

आता एक राहिलं. हे सगळे वायू नंतर आलेले, किंवा पोटॅशियमपासून बनलेले. चंद्र जन्मला तेव्हाचा असा काही वायू कुठे उरलाय का?

---

गारगोटी (शुक्रवार, रात्री ९:२७)

उरलाय, आणि तो शोधायला चंद्रावर जावं लागलं नाही. अंटार्क्टिकात सापडलेल्या चंद्राच्या काही बेसाल्ट अशनी झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठात पॅट्रिझिया विल यांनी तपासल्या, २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आले. हे दगड लाव्हाच्या जाड प्रवाहाच्या आतले. वर दुसरे थर बसले, त्यामुळे चंद्रावर असताना सौरवारा त्यांना शिवलाच नाही. तरीही त्यांच्यातल्या बारीक काचकणांत हेलियम आणि निऑन सापडला, आणि तो सूर्याच्या धाटणीचा. बाहेरून आलेला नाही, तर लाव्हाबरोबर खालून आलेला. पृथ्वीच्या खोल प्रावरणातल्या निऑनशी त्याचं साधर्म्य दिसतं, म्हणून चंद्र पृथ्वीवरच्या महाआघातातून झाला या मताला त्याने बळ मिळतं.

आणि अजून एक नमुना आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ ने त्या घसरलेल्या कड्याच्या मातीत नळी ठोकून तिचा खालचा भाग चंद्रावरच निर्वात डब्यात बंद केला होता. पन्नास वर्षं तो उघडला नाही, पुढे चांगली उपकरणं येतील म्हणून. २०२२ च्या सुरुवातीला आधी त्याला बारीक छिद्र पाडून आतला वायू काढून घेतला गेला, आणि मगच माती बाहेर आली. ज्यांनी तो डबा पुढच्यांसाठी राखून ठेवला, त्यांतल्या बऱ्याच जणांना तो उघडलेला पाहायला मिळाला नाही.

पैलतीर, त्या नळीतली माती तुमच्या टायकोच्याच घसरणीतली आहे.